खिशावरचे नाव

माणसाची ओळख पटवून घेण्याच्या जुन्या रीती आता मोडीत निघाल्या आहेत. पूर्वी आमच्या भागात नवखा माणूस दिसला की ‘कोणत्या गावचे पाव्हणे?’ हा पहिला प्रश्न असे आणि ‘कुणापैकी?’ हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत माणूस पुरता उलगडत असे. आता विचारण्याची गरज उरलेली नाही. त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशावर नजर टाकली की पुरे. तिथे रंगीत धाग्यांनी सगळे लिहून ठेवलेले असते.

खोटे वाटत असेल तर सकाळी सहाच्या सुमारास मार्गासनीच्या रस्त्यावर येऊन उभे राहा. नसरापूरहून वेल्ह्याला जाणारा हा रस्ता. इथूनच साखरेवरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला, जाता येते. भाताच्या खाचरांवर धुके लोळत असते आणि त्या धुक्यातून निरनिराळ्या रंगांचे शर्ट एकेक करून रस्त्यावर येतात. कुणी निळा, कुणी राखी, कुणी नारिंगी कॉलरचा. खेड शिवापूर आणि शिरवळकडच्या कारखान्यांच्या गाड्यांची ती वाट पाहणारी मंडळी. कुणाच्या छातीवर दातेरी चाक, कुणाच्या छातीवर पान, कुणाच्या छातीवर एकमेकांच्या गळ्यात गळा घातलेली तीन इंग्रजी अक्षरे. गाडीवाल्याला माणसे मोजावी लागत नाहीत. तो रंग बघतो, चिन्ह बघतो आणि आपली माणसे उचलून नेतो.

रविवारी त्याच रस्त्यावर दुसरी गर्दी. पुण्या-मुंबईची पोरे राजगडावर निघालेली असतात. त्यांच्याही अंगावर नावे असतातच. एखाद्या गिरिभ्रमण मंडळाचे नाव, नाहीतर टोपीवर भरलेली शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा. महाराजांनी ती मुद्रा कागदावर उमटवली. सुमारे पंचवीस वर्षे ज्या गडावरून त्यांनी राज्य चालवले, त्याच गडावर ती आता टोपीवर बसून, घामाने भिजत चढते. आठवड्याचे सहा दिवस कंपनीची चिन्हे खाली उतरतात आणि सातव्या दिवशी महाराजांचे चिन्ह वर चढते, असा आमच्या रस्त्याचा क्रम आहे.

या खिशावरच्या चिन्हाला सुशिक्षित मंडळी ‘बोधचिन्ह’ म्हणतात आणि बाकी सारे जग ‘लोगो’ म्हणते. शब्द नवा, पण कपड्यावर खूण करण्याची रीत नवी नव्हे. बिब्बा आपण औषधाला आणि दृष्ट काढायला वापरतो. परीट तोच बिब्बा टोचून त्याच्या काळ्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यात खूण करीत. ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. इंग्रजांना त्याचे इतके कौतुक वाटले की त्यांनी बिब्ब्याचे नावच ‘खुणेचे फळ’ अशा अर्थाचे ठेवून दिले. पण त्या खुणेत एक सभ्यपणा होता. ती कॉलरच्या आत असे, धोतराच्या कोपऱ्यात असे. कपडा कुणाचा एवढेच ती परटाला सांगे. आत असलेला माणूस कुणाचा, हे सांगायच्या भानगडीत ती पडत नसे.

ते काम साहेबाच्या कचेरीने केले. आपल्या भाषेतले दोन शब्द मला या बाबतीत फार बोलके वाटतात. एक ‘पट्टेवाला’ आणि दुसरा ‘चपराशी’. कचेरीने पट्टा दिला म्हणून माणूस पट्टेवाला झाला. त्या पट्ट्यावर कचेरीचे नाव कोरलेली जी पितळी पाटी असे तिला म्हणत चपरास. ती लावली म्हणून माणूस चपराशी झाला. आईबापांनी बारा दिवसांचा असताना पाळण्यात घालून, कानात कुर्र करून ठेवलेले नाव घरी खुंटीला लागले, आणि कमरेवरच्या पितळेने माणसाला नवे नाव दिले. पितळ गेले, पट्टा गेला. शब्द मात्र राहिले. खूण माणसाला कशी गिळते याचा याहून चांगला दाखला कोणता हवा?

तुम्ही म्हणाल, हा सारा चाकरीचा मामला. पण तसेही नाही. धन्याचे नाव अंगावर घालणे हा एके काळी मोठा सन्मान होता. बगदादच्या आणि कैरोच्या खलिफांच्या दरबारात वस्त्रावर खलिफाच्या नावाची पट्टी विणून वा भरून घेत. तिला ‘तिराज’ म्हणत. हा शब्द भरतकामाच्या अर्थाच्या फारशी शब्दावरून आलेला. ती पट्टी असलेला झगा ज्याला मिळे, तो दरबारात मान वर करून चाले. आपल्याकडचा ‘शिरपाव’ म्हणजेही डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाखच. राजाने दिलेले वस्त्र अंगावर आले की त्याची मर्जीही अंगावर आली. फरक एवढाच की शिरपाव पराक्रमानंतर मिळे, आणि आमच्या पोरांना शर्ट कामावर रुजू होण्याच्या दिवशीच मिळतो.

या कथेत मधेच एक मगरही येते. रने लाकोस्त नावाचा एक फ्रेंच टेनिसपटू होता. त्याला लोक ‘मगर’ म्हणत. रोबेर जॉर्ज नावाच्या त्याच्या मित्राने एक मगर चितारून दिली आणि लाकोस्तने ती आपल्या कोटावर भरून घेतली. पुढे १९३३ साली आंद्रे जिलिए या कापड कारखानदाराबरोबर त्याने शर्ट काढले आणि प्रत्येकाच्या छातीवर ती हिरवी मगर बसवली. तोवर शिंप्याचे नाव कॉलरच्या आत, मानेला टोचत बसलेले असे. मगरीने ते बाहेर आणले. गंमत अशी की गिऱ्हाईक त्याबद्दल कुरकुरले नाही. उलट मगर दिसावी म्हणून जास्त दाम मोजू लागले. तेव्हापासून जगात छातीवर नाव घेणाऱ्यांच्या दोन जाती झाल्या. एक पैसे देऊन दुसऱ्याचे नाव मिरवणाऱ्यांची, आणि दुसरी पैसे मिळतात म्हणून दुसऱ्याचे नाव वागवणाऱ्यांची. सुई दोघांच्याही कापडात सारखीच शिरते.

ती सुई कशी शिरते, हे पाहण्याचा योग मला आमच्या शाळेच्या कबड्डी संघामुळे आला. एका उदार गृहस्थांनी पोरांना टी-शर्ट देऊ केले आणि त्यांवर नाव भरून आणण्याचे काम माझ्याकडे आले. पुणे-सातारा रस्त्यालगत एका गाळ्यात हे काम होते असे कळले, म्हणून गठ्ठा घेऊन गेलो आणि एक अख्खी दुपार तिथल्या बाकावर बसून काढली. नाटक पाहायला गेल्यासारखी ती दुपार गेली.

मी समजत होतो की चित्र यंत्राला दाखवायचे आणि यंत्र ते भरून देते. तसे नसते. आधी चित्राचे टाके मांडावे लागतात. या कामाला तिथे ‘पंचिंग’ म्हणतात. एके काळी नक्षी भोके पाडलेल्या कागदावरून यंत्राला समजावीत, त्या भोकांचे नाव आता संगणकावर आले आहे. भोके गेली, शब्द राहिला, पट्टेवाल्याचीच गत! पंचिंग करणारा मुलगा पडद्यावर एकेक अक्षर उघडून दाखवीत होता. सुई कुठून आत जाईल, कुठे बाहेर येईल, टाका आडवा की तिरपा, आधी कोणता भाग, मग कोणता, वरच्या चमकदार टाक्यांखाली आधाराला विरळ टाक्यांचा थर कसा घालायचा, हे सारे आधी ठरवायचे. घराच्या पायाभरणीत आणि यात फारसा फरक नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. मी त्याला म्हटले, “हे वर्तुळ जरा वाकडं दिसतंय. एका बाजूला फुगलंय.”

तो हसला. “सर, ते मुद्दाम तसं केलंय. टाका पडला की दोरा कापडाला ओढतो. पडद्यावर गोल काढलं तर कापडावर ते चपटं येतं. म्हणून ज्या बाजूला ओढ बसणार, त्या बाजूला आधीच थोडं जास्त द्यायचं.”

वर्षानुवर्षे फळ्यावर वर्तुळे काढली, पण हे वर्तुळाचे शास्त्र मला ठाऊक नव्हते. ज्याला ओढ बसणार त्याला आधीच थोडे जास्त द्यावे, हा नियम फक्त कापडापुरता नसावा.

यंत्र सुरू झाले आणि बोलणे संपले. रिंगणात ताणून बसवलेला शर्ट, त्याच्याखाली कापड आकसू नये म्हणून लावलेला जाड पेपर, वर बारा-पंधरा सुयांचे एक डोके, आणि प्रत्येक सुईला वेगळ्या रंगाचा दोरा. सुई जागच्या जागी खालीवर होते, हलते ते रिंगण. मिनिटाला आठशे ते हजार टाके पडतात. बोटभर रुंदीच्या साध्या नावाला दोन-तीन हजार टाके लागतात, आणि तळहाताएवढ्या भरगच्च चिन्हाला दहा हजारही कमी पडतात. हिशेबही टाक्यांवर, हजारी टाक्याला अमुक पैसे. शब्दाला किंमत असते हे लेखक म्हणून मला ठाऊक होते, पण अक्षराची किंमत टाके मोजून लावलेली मी प्रथमच पाहिली. दोरा तुटला की यंत्र आपोआप थांबते आणि लाल दिवा लावून हाक मारते. मग ऑपरेटर उठतो, दोरा ओवतो, चार टाके मागे नेऊन पुन्हा सुरू करतो. मोठ्या कारखान्यांत अशी वीस-वीस डोकी एका ओळीत, एकाच वेळी, एकच नाव भरीत बसलेली असतात.

या यंत्राची वंशावळ मोठी आहे. १८२८ च्या सुमारास म्युलूझ गावी जोस्वे हाइलमान याने पहिले भरतकामाचे यंत्र केले. त्याच्या सुयांना दोन्हीकडे टोके आणि मधोमध नेढे. कारागीर एका दांडीने चित्रावर फिरे आणि तिकडे शेकडो सुया तोच आकार लहान करून भरीत. मग १८६३ साली स्वित्झर्लंडच्या ईझाक ग्रोब्लीने शिवणयंत्राची युक्ती त्यात आणली. खालचा दोरा नेण्यासाठी त्याने धोटा वापरला. तो दिसायला होडीसारखा, म्हणून यंत्राचेही नाव पडले ‘शिफली’, म्हणजे त्यांच्या बोलीत होडकी. पहिल्या महायुद्धापूर्वी त्या चिमुकल्या देशातून परदेशी जाणाऱ्या मालात भरतकाम पहिल्या नंबरावर होते. त्या होडकीतून निघालेला दोरा आज नसरापूरच्या रस्त्याला लागला आहे!

आमचे काम मात्र अडले, आणि अडले ते मराठी भाषेपाशी. रोमन अक्षर पाच-सहा मिलिमीटर उंचीचे असले तरी वाचता येते, कारण ते बिचारे एकटे उभे असते. आमचे अक्षर म्हणजे एकत्र कुटुंब. वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. आणि गावाचे नाव मार्गासनी! ‘र्गा’वरचा रफार इवलासा, आणि शेवटी ‘नी’ची वेलांटी. लहान आकारात भरला तेव्हा रफाराचे डोळे मिटले आणि तिथे नुसता एक गोळा राहिला. मुलगा म्हणाला, “सर, इंग्रजीत टाकू का? सोपं जाईल.” गाळ्यातल्या भिंतीवर नमुन्यांची रांग होती. तिच्यात एकही मराठी नाव का नव्हते, ते तेव्हा उमगले. मराठीचा द्वेष कुणी करीत नव्हते. टाके जास्त पडत होते, इतकेच.

मी मराठीचाच आग्रह धरला. अक्षर मोठे केले, शिरोरेघ बारीक केली, रफार थोडा उजवीकडे सरकवला. आता जागेचा प्रश्न आला. देणगीदारांच्या धंद्याचे चिन्ह छातीवर मधोमध, आणि शाळेचे नाव बाहीवर, असे आधी ठरले होते. गावाचे नाव मोठे झाल्यावर ते बाहीत मावेना. मी गाळ्यातूनच त्यांना फोन लावला आणि सगळी अडचण सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, पोरं खेळणार कुणासाठी? गावाचं नाव छातीवर घ्या. माझं बाहीवर चालेल.” मोठ्या मनाचा माणूस! त्यांचे नाव मी इथे देत नाही, कारण ते बाहीवर आहेच.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला माझ्या आत्याच्या हातचे रुमाल आठवत होते. त्या काळी लग्न ठरलेल्या मुलीला रुमालाच्या कोपऱ्यात एक अक्षर भरता आले पाहिजे असा दंडक होता. साखळी टाका, गव्हाचा टाका, काजटाका, गाठीचा टाका, आणि सगळ्यांत कठीण तो भरीव टाका. धागा धाग्याला लागून, रेशमासारखा सपाट. यंत्र छातीवर जे भरते, तो हाच भरीव टाका. आत्याला एका अक्षराला दुपार लागे. पण ते अक्षर कुणाचे, हे ती कुणाला सांगत नसे. विचारले तर लाजून रुमाल पदराखाली घेई. यंत्राला हा संकोच नाही. ते मिनिटाला हजार टाके घालते आणि कुणाचेही नाव कुणाच्याही छातीवर भरते. म्हणून यंत्राला मी नावे ठेवीत नाही. आत्यासुद्धा पुढे पायमशीनचे दाते खाली करून, कापड हाताने फिरवीत वेलबुट्टी काढू लागली होती आणि त्या मशीनवर तिने आपला संसार उभा केला. प्रश्न हाताचा की यंत्राचा हा नव्हेच. ते नाव कुणासाठी भरले आणि कुणाच्या अंगाला लागले, हा खरा प्रश्न.

माझा एक जुना विद्यार्थी चारेक वर्षे एका कारखान्यात होता. होता म्हणायचे, पण कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. तो ठेकेदाराचा माणूस. शर्टावर नाव कंपनीचे, पगार ठेकेदाराचा. तरी तो शर्ट घालून गावात आला की त्याचा रुबाब पाहण्यासारखा असे. लग्नकार्यालाही तोच शर्ट, इस्त्री करून. लोकांनी त्याला कंपनीच्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. तोही ‘ओ’ देई. एका महिन्याच्या अखेरीला ठेका संपला आणि फाटकावर त्याच्याकडून ओळखपत्र आणि शर्ट मागून घेतला. दुसरा एक शर्ट होता, त्याचे पैसे पगारातून कापलेले होते, म्हणून तो त्याच्याजवळ राहिला.

त्याने घरी येऊन पहिले काम केले ते हे, की शर्ट उलटा करून, ब्लेडने मागचे पांढरे दोरे कापून, खिशावरचे नाव काढून टाकले. भरलेले नाव मागूनच काढावे लागते. पुढून ओढले तर कापड फाटते. सगळे दोरे निघाले. पण कापड चार वर्षे उन्हात विटले होते आणि नावाखालची जागा तेवढी दोऱ्यांच्या सावलीत राहून मूळच्या गडद निळ्या रंगाची होती. भोवती सुईची बारीक बारीक भोके. नाव काढले आणि नाव अधिकच वाचता येऊ लागले. लोक अजून त्याला कंपनीच्या नावाने हाक मारीत होते, ते वेगळेच. त्याने तो शर्ट पुन्हा कधी घातला नाही. तो आता भाताच्या जोडीला कोंबड्या पाळतो आणि बरे चालले आहे.

गेल्या थंडीत त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. जुन्या लुगड्यांचे, परकरांचे, शाळेच्या गणवेशांचे तुकडे, आणि मधोमध तो निळा तुकडा. त्या न पुसल्या गेलेल्या अक्षरांसकट. तिच्या हातातला धावदोरा त्या अक्षरांवरून सरळ, संथपणे चालला होता. मी म्हटले, “हा तुकडा कशाला घेतला, मावशी? त्याला आवडायचं नाही.”

ती मान वर न करता म्हणाली, “कापड चांगलं हाय गुरुजी. आन् चार वर्सं माझं लेकरू त्यात घामाजलंय. ते फेकायचं व्हय?”

मला उत्तर सुचले नाही. मी विचार करीत होतो कंपनीचा, ठेकेदाराचा, न्यायाचा आणि अन्यायाचा. तिला त्या निळ्या तुकड्यात कंपनी दिसतच नव्हती.

तेव्हापासून भरलेला शर्ट हाती आला की मी तो उलटा करून पाहतो. पुढच्या बाजूला सारे लखलखीत. नीटस अक्षरे, रेशमी चमक. मागच्या बाजूला गाठी, तुटके दोरे, पेपरचा खरखरीत तुकडा, आणि आरशातल्यासारखी उलटी दिसणारी अक्षरे. पुढची बाजू जगासाठी असते. मागची ज्याच्या अंगाला लागते, ती त्यालाच ठाऊक. उकाड्यात ती टोचते, असे कारखान्यातली पोरे सांगतात.

दिवाळीच्या दिवसांत अशी नावे घराघरांत येतात. बोनसबरोबर कंपनीच्या नावाची पिशवी येते, टॉवेल येतो, टोपी येते. आमच्या बाजारात मी अशा पिशव्या पाहिल्या आहेत की ज्यांची कंपनी केव्हाच बंद झाली. पिशवी मात्र अजून कांदेबटाटे वाहते आहे. त्या पिशव्या खुशाल वापराव्यात, ते शर्टही घालावेत. पोटासाठी घातलेल्या कपड्याची लाज कशाला? पण त्या शर्टातून उतरणाऱ्या माणसाला हाक मारताना आपण तरी खिशाकडे पाहू नये. त्याच्या तोंडाकडे पाहावे आणि पाळण्यात ठेवलेल्या नावाने बोलवावे. एवढे केले तर ठेका संपल्यावर ब्लेड घेऊन काढून टाकण्यासारखे त्याच्याजवळ फक्त दोरेच उरतील.